क्रेमलिनच्या नावे साखऱ्याची उधारी

मु. पो. साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली

व्लादिमीर पुतिन यांस,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुम्हाला तो लिहीत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे तुम्ही युक्रेनवर रणगाडे घातलेत आणि तेव्हापासून आमच्या गावाच्या खिशातही तुमचा हात आहे. तुमचं-आमचं कधी वाकडं नव्हतं. आमचं गाव सोयाबीन, तूर, कापसाचं, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्याकडे हळदीचं. तरी तुमच्या लढाईची पट्टी आम्हीही भरतो आहोत, आणि ती भराल का, असं आम्हाला कुणी विचारलेलं नाही.

तेलापासून सुरुवात करतो. ७ मार्च २०२२ ला कच्चं तेल पिंपाला १३९ डॉलरपर्यंत चढलं. खाद्यतेलाचंही तेच. भारतात येणारं बहुतेक सूर्यफूल तेल तुमच्या आणि युक्रेनच्या बंदरांतून यायचं. काळ्या समुद्रात तुमच्या युद्धनौका उभ्या राहिल्या आणि ते अडलं. मग पामतेल भडकलं, सोयातेल भडकलं, आणि मोंढ्यात सोयाबीन क्विंटलला सात हजारांच्या वर गेलं. कुणाला वाटेल, शेतकऱ्याची चांदी झाली. पण बहुतेकांनी आपला माल दिवाळीच्या आसपासच, देणी भागवायला, कमी भावात घालून टाकला होता. तेजी आली तेव्हा माल व्यापाऱ्याच्या गोदामात होता.

पुढे काय झालं तेही ऐका. शहरातल्या ग्राहकाला महागाईची झळ लागू नये म्हणून दिल्लीने २४ मे २०२२ ला कच्चं सोयातेल आणि सूर्यफूल तेल प्रत्येकी वर्षाला २० लाख टन, दोन वर्षं, बिनशुल्क आणायला परवानगी दिली. पुढे भाव उतरत गेले. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मराठवाड्याच्या बाजारात सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. ब्राझीलचं उदंड पीकही त्याला कारण होतं; सगळं खापर तुमच्या माथी फोडणार नाही. पण आयातीचं दार तुमच्या युद्धाच्या भीतीने उघडलं गेलं, हे नाकारता येणार नाही. तेजी आली तेव्हा ती आमच्या वाट्याला आली नाही, आणि तिच्यावरचा उतारा मात्र आमच्याच शेतमालावर केला गेला.

खताचं तर विचारूच नका. हळदीला पोटॅश लागतं, आणि पोटॅश मोठ्या प्रमाणात तुमच्याकडून आणि बेलारूसकडून येतं. त्या बेलारूसने स्वतःची जमीन तुमच्या फौजांना वापरायला दिली, आणखी निर्बंध ओढवून घेतले आणि जगाच्या बाजारात पोटॅशची टंचाई झाली. २०२१ मध्ये हजाराच्या आसपास मिळणारी पन्नास किलोची गोणी २०२२ मध्ये १,७०० रुपयांना गेली. डीएपीची गोणी १,३५० रुपयांवर राहिली, कारण प्रत्येक गोणीमागे सरकारने २,५०१ रुपये अनुदान ओतलं. २०२२-२३ मध्ये खताच्या अनुदानाचा आकडा अडीच लाख कोटींवर पोचला. त्या पैशात आमच्याकडे किती तलाव, किती पाटचाऱ्या झाल्या असत्या! आणि डीएपी तरी सहज मिळतं का? ऐन पेरणीत रांगा लागतात, नको असलेलं दुसरं खत-औषध गळ्यात बांधून घ्यावं लागतं.

आता कापूस. तुमचं तेल युरोपने नाकारलं तेव्हा भारताने ते स्वस्तात घेतलं. स्वस्ताईचा नफा तेल कंपन्यांकडे गेला. आमच्या ट्रॅक्टरचं डिझेल नव्वदीच्या वरच राहिलं. दंड मात्र सगळ्यांना बसला. तुमचं तेल घेतो म्हणून ट्रम्प यांनी २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या बऱ्याच मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कापड गिरण्यांनी हाकाटी केली आणि सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केलं, नेमकं आमची वेचणी सुरू व्हायच्या तोंडावर. तुम्ही लढायचं, वॉशिंग्टनने दंड ठोकायचा, दिल्लीने गिरणी सावरायची आणि भाव साखऱ्याच्या कापसाचा पडायचा!

एवढं करून तुम्ही मिळवलंत काय? नाटोला रोखायला निघालात. ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड नाटोत गेला आणि तुमच्या दाराशी नाटोची तेराशे किलोमीटरहून लांब नवी हद्द उभी राहिली. वर्षभरात स्वीडनही गेला. तुमच्या वडिलांच्या पिढीने हिटलरशी केलेली लढाई १,४१८ दिवसांत जिंकून संपवली. तुमची जानेवारी २०२६ मध्ये त्याहून लांबली, आणि तीही त्या लढाईत रशियाच्या खांद्याला खांदा लावून मेलेल्या युक्रेनियनांच्या नातवंडांवर. या लढाईसाठी तुम्ही चीनच्या ओंजळीने पाणी प्यायला लागलात. आमच्या सीमेवर समोर तोच चीन उभा आहे. २०१८ च्या करारातल्या पाच एस-४०० हवाई संरक्षण यंत्रणांपैकी २०२५ अखेरपर्यंत तीनच आल्या, उरलेल्या दोन तुमच्या युद्धापायी रखडल्या. अडचणीत भारताच्या पाठीशी उभा राहणारा मित्र, अशी तुमच्या देशाची ओळख आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी मनात जपली होती. ती ओळख तुम्ही मोडीत काढलीत.

आणि माणसं. १ मार्च २०२२ ला खारकीवमध्ये कर्नाटकातल्या हावेरीचा वैद्यकीय विद्यार्थी तुमच्या फौजेच्या माऱ्यात गेला. तो खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला होता. वीस हजारांवर भारतीय जीव मुठीत धरून परतले. त्यांत मराठी मुलंमुली होती, ज्यांच्या बापांनी जमिनी गहाण टाकून फी भरली होती. नंतर तुमच्याच देशात नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीय तरुणांना तुमच्या सैन्यात घातलं गेलं. आमच्या परराष्ट्र खात्याने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं: १२६ जण, त्यांपैकी १२ मेले, १६ बेपत्ता.

त्या बेपत्तांच्या घरी उत्तर पाठवा. जिवंत असतील तर सोडा, नसतील तर त्यांच्या आईबापांना खरं सांगा. युक्रेनमधून उचलून नेलेली लेकरं परत करा. त्याच गुन्ह्यासाठी १७ मार्च २०२३ पासून हेगच्या न्यायालयाचं पकड वॉरंट तुमच्या नावाने निघालेलं आहे. तोफा थांबवा आणि त्या न्यायालयापुढे उभे राहा. साखऱ्याचा हिशेबही तिथे मांडला जावा, ही आमची मागणी आहे.

साखऱ्याचा एक शेतकरी