स्टॉक्टन स्ट्रीटची पोपो

पोपो म्हणजे आईची आई. कँटनीज बोलीत हा शब्द सख्ख्या आजीला लावतात आणि सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही बाईलाही; भाजीवाली अनोळखी गिऱ्हाइकाला ताई म्हणते, त्यातलाच प्रकार. कँटनीज माणसं जिथे जिथे गेली तिथे पोपो असतेच, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये, स्टॉक्टन स्ट्रीटवरच्या स्वस्त बेकऱ्यांपुढे आणि डिमसमच्या दुकानांपुढे ती अगदी ठसठशीत दिसते. एक रस्ता पलीकडे ग्रँट अव्हेन्यू आहे. तिथे कंदील, ड्रॅगन आणि पर्यटक. पोपो तिकडे सहसा फिरकत नाही. तो रस्ता परक्यांना दाखवायला केलेला आहे असं तिचं म्हणणं, आणि ते इतिहासाला धरून आहे. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत चायनाटाउन बेचिराख झालं, तेव्हा ही वस्ती उचलून शहराच्या कडेला टाकायचा घाट घातला गेला होता. चिनी व्यापाऱ्यांनी घाईने ग्रँटवर पॅगोड्याच्या छपरांच्या इमारती उठवल्या. पर्यटक येऊ लागले आणि वस्ती जागच्या जागी राहिली. कंदील ग्रँटवर, कोबी स्टॉक्टनवर, ही वाटणी तेव्हापासून चालत आली आहे.

पोपो लांबूनच ओळखू येते. अंगात कापूस भरलेलं चौकटी शिवणीचं जाकीट, तेही ऐन जुलैत, कारण सॅन फ्रान्सिस्कोचा जुलै धुक्याचा नि गारठ्याचा असतो. डोक्यावर पुढे झाप असलेली टोपी. हाताशी दोन चाकांची ट्रॉली. ट्रॉली सामान वाहायला असते हा नवख्यांचा समज. ती मुख्यतः गर्दीत वाट काढायला असते, आणि तिचं चाक नेमकं माणसाच्या घोट्याशी येतं. जाकिटाच्या खिशात त्रिकोणी घडी घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात. अमेरिकेत अशा पिशव्यांवर बंदी आणणारं पहिलं मोठं शहर सॅन फ्रान्सिस्को, साल २००७. पोपोच्या पिशव्या त्याच्या आधीच्या आहेत आणि तिच्या हयातीत त्या संपतील असं वाटत नाही.

ती मूळची क्वांगतुंग प्रांतातल्या थोइसान किंवा त्याच्या शेजारच्या मुलखातली. कधी थेट आलेली, कधी हाँगकाँगमध्ये काही वर्षं काढून. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना दार बंद केलं, १९४३ मध्ये ते वर्षाला १०५ माणसं शिरतील इतकं किलकिलं केलं आणि १९६५ च्या कायद्याने सताड उघडलं. पोपो त्या तिसऱ्या टप्प्यातली. नवरा हॉटेलच्या भटारखान्यात, ती चायनाटाउनमधल्याच शिलाई कारखान्यात, नगावर मजुरीने. कारखाने पुढे उठले, नग मोजायची सवय उरली. तिच्या नजरेखालून एकही सिउ माई, म्हणजे डुकराचं मांस भरलेली उघड्या तोंडाची पुरचुंडी, न मोजता पेटीत जात नाही.

एकट्या उरलेल्या पोपोची खोली साधारण आठ बाय दहा फुटांची असते. न्हाणीघर, संडास आणि चूल मजल्यावरच्या साऱ्या बिऱ्हाडांत मिळून. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला यापुढे काही सांगायला नको. फरक एवढाच की चाळीत चूल तरी ज्याची त्याला होती. सामाईक चुलीपुढे ताटकळायचं, त्यापेक्षा दुकानापुढे ताटकळलेलं बरं, तिथे निदान आयतं मिळतं. शेजारचा पोर्ट्समथ स्क्वेअर हा चौक साऱ्या वस्तीची बैठकीची खोली म्हणून ओळखला जातो. तेव्हा बैठक चौकात आणि स्वयंपाकघर स्टॉक्टनवर, असं हे पोपोचं पसरलेलं घर आहे.

या स्वयंपाकघरात बसायची सोय नसते, किंवा असलीच तर दोन टेबलं असतात आणि ती सकाळपासून एकेका कॉफीवर चिनी वर्तमानपत्र पसरून बसलेल्या आजोबांनी अडवलेली असतात. समोर लांबलचक काचेचं कपाट, मागे वाफाळणाऱ्या डब्यांची चळत, भिंतीवर हाताने लिहिलेले चिनी फलक, व्यवहार रोखीचा. डिमसम या शब्दाचा अर्थ ‘काळजाला जरासा स्पर्श’ असा सांगतात. चहाघरात या पदार्थांचा थाट वेगळा असतो. तिथे जाण्याला ‘याम चा’ म्हणजे नुसतं ‘चहा पिणं’ म्हणतात, खाणं जणू ओघाने होतं, आणि कुणी पेल्यात चहा ओतला की बोलणं न थांबवता दोन बोटं टेबलावर टकटकवून आभार मानायचे असतात. स्टॉक्टनवर टकटक होते ती काचेवर, पोपोच्या नखाची, आणि तिचा आभाराशी संबंध नसतो. काळजाला स्पर्श करायला काउंटरवरच्या बाईला वेळ नाही. तिच्या हातात चिमटा आहे.

या काचेसमोर पोपोची विद्या प्रकट होते. हार गाव म्हणजे कोळंबीची वाफवलेली पुरचुंडी; तिचं पारदर्शक आवरण गव्हाच्या आणि टॅपिओकाच्या सत्त्वाचं. गरम असताना आतली कोळंबी गुलाबी दिसते; गार झालं की तेच आवरण पांढुरकं होतं आणि तडकतं. त्यामुळे घड्याळ न पाहता हा घाणा किती वेळापूर्वीचा ते पोपो सांगू शकते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. आवरणाला चुण्या किमान सात हव्यात हा जुना दंडक आहे. चुण्या मोजत ती काचेला नाक लावून उभी राहते, तोवर मागचे थांबतात. आत डुकराचं भाजलेलं गोडसर मांस भरलेला, वाफेवरचा चार सिउ बाव डोक्यावर उकलून हसला पाहिजे. न उकललेला बाव तिच्या लेखी तोंड मिटून बसलेल्या सुनेसारखा: आत काय आहे कळत नाही. (बाव आणि आपला पाव ही नावं भावंडं वाटतात, पण त्यांचं नातं नाही. पाव पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरला. बाव त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून चीनमध्ये वाफेवर फुगत होता.)

पोर्तुगीज धागा खरा आहे तो अंड्याच्या टार्टात. १९८९ मध्ये अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रजाने मकाऊत पोर्तुगीज धर्तीचा, वरून काळे डाग पडेपर्यंत भाजलेला टार्ट विकायला सुरुवात केली आणि त्याने नाव काढलं. पोपो त्याला करपलेला म्हणते आणि विषय संपवते. तिचा टार्ट हाँगकाँगचा: पिवळाधमक, आरशासारखा गुळगुळीत, पेटी हलवली की थरथरणारा. हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांना या टार्टची इतकी आवड होती की ज्या बेकरीतून ते खात ती त्यांच्यामुळे गाजली. लोकांनी त्यांचं नाव ‘जाड्या पांग’ ठेवलं होतं. इंग्रजी अंमलाविषयी पोपोच्या तोंडून बरा शब्द निघालाच तर तो याच संदर्भात निघतो. टार्ट चाखून ती फार तर म्हणते, ‘फार गोड नाही.’ तिच्या पिढीत मिठाईची याहून मोठी स्तुती नाही.

आता खरेदी. दुकानाबाहेर रांग असते. ती पर्यटकांची, ऑफिसच्या पोरांची, फोनवर पदार्थांची नावं शोधत उभ्या असलेल्यांची. पोपो रांगेच्या विरोधात नसते. रांग खरेदी करणाऱ्यांसाठी असते आणि तिला फक्त विचारायचं असतं. ती कडेने आत शिरते आणि चेउंग फन (तांदळाच्या पातळ सुरळ्या) आत्ताचे का, एवढंच विचारते. उत्तर आलं की ‘मग तीन दे’ म्हणते. तीन दिल्यावर विचारणं संपलेलं असतं आणि खरेदी सुरू झालेली असते, तेव्हा तिला मध्येच थांबवणं काउंटरवरच्या बाईलाही बरं दिसत नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात आणि रेल्वेच्या खिडकीशी हीच युक्ती चालवणारी मंडळी मराठी वाचकाच्या घरातही निघतील.

काउंटरवरची बाई सगळ्यांना ‘लेंग नुई’ म्हणते, म्हणजे ‘सुंदर पोरी’. ऐंशीच्या पोपोलाही म्हणते. पोपो त्या हाकेला ओ देत नाही, पण एखाद्या दिवशी ती हाक आली नाही तर सिउ माई कालच्यापेक्षा लहान असल्याचं तिच्या लगेच ध्यानात येतं. भाव ठरलेले असल्यामुळे घासाघीस निवडीवर चालते. हा नको, त्याच्या मागचा. तो नको, डाव्या हाताचा. तिळाचा लाडू फुगलेला दे, बसका नको. बाई चिमटा नेते, पोपो मान हलवते, चिमटा सरकतो. दोघींत अवाक्षर न बोलता सात-आठ नगांचा निकाल लागतो. चार नग ती सहसा घेत नाही, कारण कँटनीजमध्ये चारचा उच्चार मरणाच्या उच्चाराला लागून आहे. डब्यात चार मिळून स्वस्त पडत असतील तर मात्र मरण तितकंसं जवळचं वाटत नाही. शेवटी तिखट सॉसच्या पुड्या. दोन मिळतात, ती चार मागते (इथेही चार चालतात), आणि तीनवर तोड होते. पैसे जाकिटाच्या आतल्या कप्प्यातून, घडीची नोट आणि नेमकी चिल्लर, मोजून काचेवर.

पोपोचा परोपकार पाहायचा असेल तर रांगेत एखादा शाकाहारी हवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पुण्या-नाशिकचे संगणक अभियंते बरेच, आणि शनिवारी त्यातला एखादा आईवडिलांना घेऊन इथे पोचतोच. तो सगळं विचार करून मुळ्याच्या केककडे बोट दाखवतो. मुळा तो मुळा, त्यात काय असणार! केकमध्ये किसलेला पांढरा मुळा आणि तांदळाचं पीठ असतं, हे खरं. पण त्यात बारीक चिरलेलं चिनी सॉसेज आणि सुकी कोळंबीही असते. काउंटरवरच्या बाईला ‘व्हेज?’ हा प्रश्न कळत नाही, पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून होकार हवा आहे हे कळतं, म्हणून ती होकार देते. अशा वेळी पोपो आडवी येते. तिच्याजवळ इंग्रजी शब्द मोजके, त्यातला एक ती वापरते: ‘मीट!’ मग त्याच्या आईच्या, म्हणजे त्या मावशींच्या, गळ्यातल्या मंगळसूत्राकडे, कपाळाच्या टिकलीकडे निरखून पाहते, काहीतरी समजल्यासारखी मान डोलावते आणि काचेवर दोनदा टकटकवून लाल चवळीचं सारण भरलेल्या तिळाच्या लाडवाकडे बोट दाखवते. तो लाडू मावशींना अनारशाचा लांबचा चुलतभाऊ वाटतो. दोघी एकमेकींना आपापल्या भाषेत पुष्कळ काही सांगतात. रांग खोळंबते, पण या खेपेला कुणी कुरकुरत नाही, कारण कुरकुरायचं ते पोपोनेच, असा तिथला रिवाज आहे.

गुलाबी पुठ्ठ्याच्या पेटीत हे सारं बसतं आणि वरून दोरा बांधला जातो. त्या पेटीतलं पोपो स्वतः काही खात नाही. पेटी रविवारी लेकीकडे जायची असते, शहराच्या पार पश्चिमेला, बसने. (मिळकत बेताची असलेल्या पासष्टीपुढच्यांना इथली म्युनीची, म्हणजे शहराची, बस २०१५ पासून फुकट आहे, पोपोला हा शहराचा सर्वात शहाणपणाचा निर्णय वाटतो.) स्वतःसाठी ती निघता निघता एक गाय मेइ बाव घेते, तोही कालचा, जो दाराजवळच्या टोपलीत स्वस्तात ठेवलेला असतो. गाय मेइ म्हणजे शब्दशः ‘कोंबड्याची शेपटी’, इंग्रजी कॉकटेलचं सरळ भाषांतर. हाँगकाँगच्या एका बेकरीवाल्याने १९५० च्या दशकात न खपलेले पाव टाकवेनात म्हणून ते कुटून, साखर-खोबरं घालून नव्या पावात भरले, अशी याची जन्मकथा सांगतात. पोपोला ही कथा ठाऊक असो-नसो, सगळ्या टोपलीतून तिचा हात त्याच पावावर जातो.

तो ती पोर्ट्समथ स्क्वेअरच्या बाकावर बसून खाते. ट्रॉली पायाशी, पेटी ट्रॉलीत आडवी होणार नाही अशी, मांडीवर कागद. पाव ती चावत नाही, चिमटीने तोडते. खोबऱ्याचा भाग शेवटी राहील अशा बेताने कडेकडेने आत सरकते. समोर म्हातारे पत्ते कुटत असतात. कुणी ओळखीची आलीच तर पहिला प्रश्न ‘जेवलीस का?’ हाच, आणि हातात अर्धा पाव असला तरी उत्तर ‘जेवले’ हेच. कागदावरचे तुकडे बोटाने टिपून झाले की कागदाचीही त्रिकोणी घडी होते.

रविवारी लेकीच्या घरी पेटी उघडते. नातवंडं कोळंबी खाऊन आवरण ठेवतात, बावच्या आतलं मांस खाऊन पाव ठेवतात आणि कँटनीजमध्ये विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतात. पोपो राहिलेली आवरणं आणि पाव एका बशीत गोळा करते आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या संपवते. तोवर लेक रिकामी पेटी कचऱ्याच्या डब्याकडे नेत असते. ती तिच्या हातून काढून घेतली जाते, दोरा गुंडाळून खिशात जातो आणि पेटी चारी बाजूंनी उलगडून सपाट केली जाते. सोमवारी सकाळी पोर्ट्समथ स्क्वेअरचा बाक धुक्याने ओला असतो, आणि त्यावर तो गुलाबी पुठ्ठा अंथरलेला असतो.