इंजिन बोललं, डबा मुकाच

22 जानेवारी 2025. पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची हूल उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, माणसं भराभर रुळावर उतरली. शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान 12 जण गेले. आग लागलेलीच नव्हती.

डब्याचा सांगाडा तर उत्तम होता. पुष्पकचे डबे एलएचबी, स्टेनलेस स्टीलचे. जुना आयसीएफ डबा 21.34 मीटरचा, हा 23.54 मीटरचा, तरी मीटरमागे वजनाला हलका. धडकेत डबे एकमेकांवर चढू नयेत अशी त्यांची जोडणी. जुन्या डब्यांचं उत्पादन 2018 मध्ये थांबलं, हे रेल्वेचं मोठंच काम. डबा कसा असावा, हे नियम ठरवतो. अमेरिकेत डब्याच्या टोकानं 8 लाख पौंडांचा दाब सोसलाच पाहिजे, या नियमापायी गाड्या कित्येक दशकं जडच्या जड राहिल्या. धडकेची ताकद जिरवणाऱ्या हलक्या डब्यांसाठी तिथला नियम 2018 मध्ये सैल झाला. नियम बदलला की डबा बदलतो, तो असा.

मग घबराटीसाठी नियम का नाही? पुष्पकच्या इंजिनावरचा धोक्याचा दिवा लुकलुकत होता, तो पाहून कर्नाटकच्या चालकानं ब्रेक लावले, पण वळण आड आलं, असं मध्य रेल्वेनं सांगितलं. म्हणजे इंजिनानं इंजिनाला सावध केलं. ‘आग नाही, खाली उतरू नका’ हे डब्यातल्या माणसांना मात्र वेळेत कुणी सांगितलं नाही.

नव्या एसी डब्यांत धूर ओळखणारं यंत्र असतं. वंदे भारतमध्ये बटण दाबून चालकाशी बोलता येतं. बहुतेक जनरल डब्यांतल्या माणसाच्या हाती फक्त साखळी. ती गाडी थांबवते. पुढं काय करायचं, ते सांगत नाही. धोका तिकीट पाहून येत नाही, तर बचावाची सोय तिकीट पाहून का?

डब्यात भोंगा बसवला तर कित्येक टनांच्या डब्याचं वजन काही किलोंनी वाढेल. तेवढा भार रेल्वेला पेलवतो. चाळीसगाव–धुळे मेमू असो की भुसावळवरून जाणारी लांब पल्ल्याची गाडी, प्रत्येक जनरल डब्यात गार्ड-चालकाचा आवाज पोचलाच पाहिजे आणि धुराची सूचना मिळालीच पाहिजे. याचा सक्तीचा नियम करा. जळगाव-धुळ्याच्या खासदारांनी लोकसभेत त्याची तारीख मागावी, आणि ती मिळेपर्यंत मागत राहावी.