रिकामी पिकअप आणि आपला मणका : गरजूंसाठी मार्गदर्शन

पिकअपमध्ये बसून बीड जिल्हा पार करणाऱ्याने आधी मनाशी पक्के करावे, की गाडीत काहीही बिघाड नाही. ती माणसांसाठी बनलेलीच नाही. मागचे पाटे टन-दीड टन मालाचा हिशेब धरून बांधलेले असतात. त्यांच्यावर नुसता ड्रायव्हर, शेजारी आणि चार रिकामी कॅरेट टाकली, तर पाटे वाकायचे नाव घेत नाहीत आणि खड्डा जसाच्या तसा वर पोचवतात. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी वर-खाली हालचाल माणसाच्या अंगाला सर्वांत कमी सोसवते, हे मोजून ठरलेले आहे. गाडी भरली की तिचे हेलकावे संथ होतात, रिकामी झाली की ते त्या नकोशा आकड्याकडे सरकतात. सबब नियम एकच : रिकामे हिंडू नये.

पुरावा हवा असेल तर सीताफळ पाहावे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण खड्डा मानांकन विचारत नाही. अर्धवट भरलेल्या हौद्यात केबिनला टेकलेले कॅरेट बऱ्यापैकी शाबूत उतरते आणि फाळक्याजवळच्या कॅरेटमधल्या पिकल्या फळांची वाटेतच रबडी होते, कारण मागच्या चाकांच्याही पलीकडचे टोक सर्वांत जास्त उडते. हौदा गच्च भरला की फाळक्याजवळच्या कॅरेटचेही दैव पालटते.

यावर कोणी म्हणेल, शॉकअप बदला. जरूर बदला, पण शॉकअपचे काम धक्क्यानंतरचे झुलणे थांबवण्याचे, धक्का गिळण्याचे नव्हे. कोणी म्हणेल, हवा कमी करा. हा आक्षेप त्रासदायक आहे, कारण तो बरोबर आहे : मालासाठी भरलेली हवा परतीच्या रिकाम्या फेरीतही तशीच ठेवली की टायरचा दगड होतो. मात्र दुसऱ्या दिवशी त्याच कमी हवेवर माल लादला की टायर तापतो, म्हणून कमी केलेली हवा पुन्हा भरायची आठवण हवी. कोणी वाळूची पोती टाकायला सांगेल. पण गेवराईच्या बाजूला पिकअपमध्ये वाळू दिसली की चोरीची नाही ना, म्हणून आधी पावती विचारतात. आणि जादा पाटा मारून घेणारे तर धन्यच. जास्त माल बसावा म्हणून पाटा वाढवायचा आणि रिकाम्या फेरीत गाडी उडते म्हणून रस्त्याला शिव्या घालायच्या.

रस्ता काही साधू नाही. गोदाकाठच्या काळ्या रानातली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे डांबर तिच्यामागून लाटा घेत जाते. पण आमच्या नियमातली खोट इथेच आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर ट्रक फिरवून चाचणी झाली. तिच्यावरून असा ठोकताळा निघाला, की आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. म्हणजे आज मणका वाचवायला क्षमतेबाहेर माल भरायचा आणि त्यातून पडणाऱ्या खड्ड्यांत उद्या रिकामे आदळायचे. उसाच्या भरल्या ट्रकपुढे पिकअपचा वाटा किरकोळ आहे, हे मान्य. पण पाठ आपलीच आहे.

तेव्हा गाडी भरलेली असेल तर निघण्यापूर्वी वजनकाट्याची पावती पाहा, रिकामी असेल तर हवा, आणि जेवणाचा डबा मांडीवर धरा.