पेंग्विनराव

‘कॉम्प्युटरचा आवाज खराब येतोय हो,’ एवढं वाक्य कानावर पडलं की पेंग्विनरावांचा चेहरा उजळतो. ‘खराब म्हणजे कसा? खरखर, तडतड, की घोगरा?’

सांगणारा गडबडतो. त्याच्या दृष्टीने खराब म्हणजे खराब. पेंग्विनरावांच्या लेखी मात्र प्रत्येक आवाजाचं कूळ वेगळं. तडतड असेल तर साउंड कार्डाला पुढचा माल वेळेवर पोचत नाही, बफर रिकामा पडतोय. गाणं सुरू होताना ‘टप्प’ होत असेल तर वीज वाचवायला चिप झोपी जाते आणि दर वेळी दचकून उठते. ब्लूटूथ हेडफोनवर लताबाईसुद्धा ट्रंककॉलवरून गातायत असं वाटत असेल, तर माइक चालू झाल्यामुळे हेडफोनने गाण्याचा प्रोफाइल सोडून फोनचा धरलाय. आणि गायक एकाएकी तरुण झाला असेल, तर सॅम्पल रेटची गल्लत. सेकंदाला 44,100 नमुने धरून साठवलेलं गाणं कार्ड 48,000च्या वेगाने वाजवतंय. मग काळी एकमध्ये गायलेली चीज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या, कुठल्याच पेटीवर नसलेल्या सुरात ऐकू येते. हे निदान त्यांचं विशेष लाडकं. आजवर ते कुणाच्याच घरी खरं ठरलेलं नाही, पण ‘नाकारता येत नाही’ म्हणून ते सगळीकडे सांगतात.

पेंग्विनराव पुण्यात असतात, डोंबिवलीत असतात, नाशिकलाही असतात. साधारण दर सोसायटीला एक. लिनक्सचं बोधचिन्ह पेंग्विन, म्हणून टी-शर्टवर पेंग्विन. धुऊन धुऊन त्याची चोच गेलेली. खिशात किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला पेन ड्राइव्ह. घरी कपाटाच्या वरच्या फळीवर उबुंटू नावाच्या लिनक्सच्या सीड्या. 2005 ते 2011 या काळात मागणी नोंदवली की या सीड्या परदेशातून पोस्टाने, एक पैसा न घेता घरपोच यायच्या. फुकट मिळालेली वस्तू आणि वर तत्त्वनिष्ठ! ज्या माणसाने हे सुख भोगलं, तो पुन्हा विंडोजकडे कसा वळेल?

ते खुर्चीत बसले की लगेच दुरुस्ती सुरू होईल, अशी आशा धरू नये. आधी लिनक्सच्या आवाजाचा कुलवृत्तांत होतो. मूळ पुरुष ओएसएस. 2003च्या डिसेंबरात लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, 2.6 आला आणि कर्तेपण अल्साकडे गेलं. मग लेनार्ट पोटरिंग यांचा पल्सऑडिओ. फेडोरा या लिनक्सच्याच दुसऱ्या अवताराने त्याला 2007 साली घरात घेतलं, उबुंटूने 2008 साली. इथे पेंग्विनराव डोळे मिटतात. त्या दोन वर्षांत जगभर किती जणांचे स्पीकर मुके झाले आणि किती जणांचे किंचाळले, हे त्यांना आठवतं. स्टुडिओवाल्या मंडळींचा जॅक आधीपासूनच सवतासुभा मांडून बसलेला. शेवटी विम टायमन्स यांचा पाइपवायर आला आणि 2021 साली फेडोरा 34ने किल्ल्या त्याच्या हाती दिल्या. गंमत अशी की घरातून कुणी गेलंच नाही. अल्सा अजून तळमजल्यावर राबतोय आणि जुन्या प्रोग्रॅमांनी पल्सऑडिओला हाक मारली, तर पाइपवायरच आवाज बदलून ‘ओ’ देतो. हे सारं ऐकेपर्यंत यजमानांचा चहा निवतो. पेंग्विनराव स्वतःचा तेवढा गरम असतानाच पितात.

आमच्या इमारतीतल्या काकू गाणाऱ्या. त्यांचा जुना कॉम्प्युटर विंडोजखाली कण्हत होता, म्हणून पेंग्विनरावांनीच त्यावर लिनक्स चढवलं होतं. खरं सांगायचं तर छान चालत होतं. मग काकूंची तक्रार आली: ‘अरे, गाण्यातल्या बाई तार षड्जाला गेल्या की आवाज फाटतो. मध्य सप्तकात काही नाही.’

याहून नेमकी तक्रार कुठला इंजिनिअर लिहून देणार! पण पेंग्विनराव निम्म्या वाक्यातच काळी खिडकी उघडून बसले. अल्सामिक्सर सुरू झाला. उभे हिरवे-पांढरे-लाल खांब, आणि जो बंद त्याच्या पायाशी एमएम. ‘बघा काकू, एम दाबला की हा बोलायला लागतो.’ काकूंनी बघितलं. मग स्पीकर-टेस्ट. त्यात एक बाई ‘फ्रंट लेफ्ट’ म्हणते, मग ‘फ्रंट राइट’ म्हणते, आणि कुणी थांबवेपर्यंत म्हणतच राहते. पेंग्विनरावांच्या घरी या बाईंचा आवाज इतका ओळखीचा झालाय, की त्यांची मुलगी लहानपणी त्यांना मावशी म्हणायची.

मावशी स्वच्छ बोलल्या, म्हणजे डावा-उजवा ठीक. मग कर्नलचा लॉग वाचून झाला. एका फाइलमध्ये टीशेड बरोबर शून्य असं लिहिलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ओळ खोडली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. आता प्रत्यक्ष संगीतावर चाचणी हवी, म्हणून समोर जी फाइल दिसली ती लावली. ती होती काकूंच्या रियाजाची, तानपुऱ्याची.

पेंग्विनराव ताडकन उठले. ‘सापडली! अखंड खरखर आहे!’

काकू तेवढ्यात दुसऱ्यांदा आधण ठेवायला आत गेल्या होत्या, हे त्या तानपुऱ्याचं दुर्दैव. पेंग्विनरावांनी इक्वलायझर काढला आणि वरच्या कंपनसंख्या एकामागून एक खाली ओढल्या. त्यांच्या मते जी खरखर होती, ती तानपुऱ्याची जवारी. घोडी घासून आणि तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवून ती खोलावी म्हणून मिरजेचे कारागीर आयुष्य घालवतात. ती पेंग्विनरावांनी पाऊण तासात साफ घालवली. उरला तो पलीकडच्या इमारतीत कुणी तरी गादी झोडपतंय असा आवाज.

‘जवारी कुठंय?’ काकूंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

‘काय?’

‘तानपुऱ्याची जवारी, मेल्या!’

त्यांचा आठवीतला नातू शाळेतून आला तेव्हा दोघेही गप्प बसले होते. त्याने दप्तर न काढताच उंदीर हलवला, आवाजाची पट्टी दीडशेवरून शंभरावर आणली आणि आत जेवायला गेला. बाईंचा तार षड्ज स्वच्छ लागला.

कारण साधं होतं. सोळा बिटांच्या ध्वनीत एका नमुन्याची उडी फार तर 32,767 पर्यंत. पट्टी शंभराच्या पुढे नेली की संगणक प्रत्येक आकडा गुणून मोठा करतो. जो या छताला टेकतो, त्याचं डोकं सपाट छाटलं जातं. हळू स्वर बचावतात, चढे जोरकस स्वर सापडतात. काकूंना कमी ऐकू येतं, असं समजून नातवानेच कधी तरी पट्टी वर नेली होती. हे पेंग्विनरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. उलट त्यांनी त्यावर तासभर बोलून दाखवलं असतं. पण इतकं उथळ कारण त्यांना मानवत नाही. ‘तात्पुरता उपाय आहे,’ जाताना ते म्हणाले, ‘मुळात जायला हवं.’

मुळात जायच्या या नादात एक मात्र झालंय. पेंग्विनरावांनी हजारो गाण्यांची पहिली दहा सेकंदं ऐकलीत, पण भैरवीपर्यंत ते एकदाही पोचलेले नाहीत. आवाज चांगला यायला लागला की त्यांचा त्यातला रस संपतो.

तरी त्यांच्या वाट्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. रिअलटेकच्या साउंड चिपसाठी लिनक्समध्ये जो ड्रायव्हर आहे, त्यात लॅपटॉपच्या मॉडेलांची एक लांबलचक यादी आहे. अमक्या मॉडेलात स्पीकरची पिन उलटी जोडलीय, तमक्यात माइकचा पत्ता चुकलाय, अशा एकेका दोषावरचा एकेका ओळीचा उतारा. कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी पेंग्विनरावाने रात्री जागून, लॉग जोडून, सभ्य भाषेत तक्रार लिहिली, म्हणून यातल्या कितीतरी ओळी तिथे आल्या. पुढे तो लॅपटॉप ज्याने घेतला, त्याला आवाज पहिल्या दिवसापासून मिळाला, आणि कधी काही बिघडलं होतं याचा पत्ताही लागला नाही. या कामाचे कुणी पैसे दिले नाहीत, आणि पेंग्विनरावांनी ते मागितलेही नाहीत. चहा मागितला.

तेव्हा तुमच्याकडे आवाज फाटला तर त्यांना जरूर बोलवा. फक्त ते जिना चढेपर्यंत आवाजाची पट्टी शंभराच्या खाली आणा आणि एकदा हेडफोन लावून ऐका. हेडफोनमध्ये स्वच्छ येत असेल, तर बहुधा स्पीकरच गेलाय. पेंग्विनरावांना जिन्यावरूनच परत पाठवा, अर्थात चहा पाजून. आणि तानपुऱ्याच्या फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवा.