एक रुपया कुठे गेला?

सातने भागायची वेळ आली की मला त्या रकमेचीच दया येते. दोन, चार, पाच, आठ हे सज्जन; दशांश चिन्हापुढे फार तर तीन घरं चालून थांबतात. सात मात्र १४२८५७, १४२८५७ अशी जपमाळ ओढत बसतो.

आमच्या इमारतीत नेमके सात फ्लॅट. रंगकामाचं कोटेशन आलं दहा लाखांचं. खजिनदारांनी पैसे सोडून यादी लावली: एका फ्लॅटला १,४२,८५७, दोन फ्लॅटवाल्या डॉक्टरांना २,८५,७१४, तीन फ्लॅट अडवून बसलेल्या बिल्डरला ४,२८,५७१. डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली.

"अहो, सगळ्यांना तेच सहा आकडे! नुसते फिरवलेत!"

वर बेरीज भरली ९,९९,९९९. एक रुपया कोणी खाल्ला, यावर सभा तापली.

मला राहवेना. म्हटलं, चार पट करा, ५७१४२८ येतील. पाच पट ७१४२८५, सहा पट ८५७१४२. सातने भागताना बाकी एक ते सहा यांतलीच उरणार. ती १, ३, २, ६, ४, ५ या क्रमाने फिरते आणि पुन्हा एकावर येते. दोन सप्तमांश काढणारा त्याच फेरीत मधूनच शिरतो, म्हणून रांग तीच, सुरुवात वेगळी. सात पट केली की सगळे नऊच नऊ. तुमचा रुपया खाल्लेला नाही, ती बाकी आहे.

"कोणाकडे?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वही उघडली.

इथे शहाण्याने बसावं. पण मी चौदा, अठ्ठावीस, छप्पन, एकशे बारा अशी दुप्पट सांगू लागलो: प्रत्येकीला दोन-दोन घरं द्यायची, एकशे बारातला हातचा एक छप्पनला मिळून सत्तावन्न होतात, आणि चौदा-अठ्ठावीस-सत्तावन्न तयार! खजिनदार तेवढे हलले. हातचा म्हटल्यावर त्यांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मग देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर काढलेच. वर्ग करावा, त्याचे दोन तुकडे करावेत, बेरजेत मूळ संख्या परत यावी, अशा संख्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. पंचेचाळीसचा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस, पंचेचाळीस. पोरखेळ वाटतो, पण मास्तरांनी जन्मभर असलेच खेळ मांडले आणि जगाला ते घ्यावे लागले. आपली संख्याही त्यांतलीच! वर्ग २०४०८१२२४४९. आता २०४०८ आणि १२२४४९ मिळवा.

"दोन हजार चाळीस कोटी?" काकू किंचाळल्या. "रंगाचे?"

शेवटी कंत्राटदारच घाबरला आणि नऊ लाख दहा हजारांवर उतरला. फ्लॅटमागे एक लाख तीस हजार, हिशेब चोख. सभेने टाळ्या वाजवल्या. मी त्याला जिन्यात गाठून हळूच विचारलं, गच्चीचं काही वाढीव काम काढून दहा लाख पुरे करता येतील का?