काय मिळणार? घंटा!

भाचीनं दिवस चुकीचा निवडला. सकाळीच नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचा लिलाव पडला होता आणि वीस किलोच्या क्रेटला काय मिळालं हे दाजी कुणाला सांगायच्या मनःस्थितीत नव्हते. २०२३ च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता, त्या आठवणीवर आमचा अर्धा तालुका अजून जगतो. अशा वेळी ही म्हणाली, मला पीएचडी करायचीय. स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये. अमेरिकेत.

दाजींनी विचारलं, "त्यात काय मिळणार?"

उत्तर ओट्यावरून तिच्या चुलत्यांनी दिलं. "घंटा!"

"तात्या, फंडेड आहे," ती म्हणाली. कुणालाच उमगेना. मग तिनं मराठीत सांगितलं, "पगारी आहे हो." तेव्हा कुठं दाजींनी मान वर केली.

आता गंमत अशी, की दाजींना कळलेला तो एकमेव शब्द पोर्तुगीज आहे. पगार हा पोर्तुगीजांचाच, पैसे चुकते करण्याचा. सकाळी पडला तो लिलावही त्यांचाच. माल भरताना कमरेवर येतं ते घमेलं त्यांचं, दाराची बिजागरी त्यांची, कपाटाची चावी त्यांची, चहात बुडतो तो पाव तर त्यांचाच. पिऊन धिंगाणा घातल्यावर ज्यात टाकतात तो तुरुंगसुद्धा. टोमॅटोचं नाव मेक्सिकोतल्या नाहुआतल भाषेतून निघून स्पॅनिश आणि मग इंग्रजी फिरून आमच्या तारकाठीवर चढलं. पलीकडे आंबेगावात सातगाव पठारावर निघून मंचरच्या बाजारात उतरतो, त्या मालाला हिंदीवाला आलू म्हणतो, इंग्रज पोटॅटो म्हणतो. पठारावरचा शेतकरी तेवढा असा शब्द वापरतो, की उद्या लिस्बनच्या मंडईत उभा राहिला तर दुभाष्या लागू नये. बटाटा म्हणजे तिथंही बटाटाच.

म्हणजे घरात दिवसभर पोर्तुगीज चालतं. फक्त एका पोरीनं ते रीतसर शिकायचं म्हटलं, की घंटा.

बरं, अर्ज म्हणजे काय हे मलाही या निमित्तानं कळलं. तिथली बहुतेक विद्यापीठं डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या सुरुवातीला दार लावून घेतात. त्याआधी जोडायचं काय काय? मार्कांची ट्रान्सक्रिप्टं, इंग्रजी येतं याचा दाखला, स्पॅनिशमध्ये किंवा पोर्तुगीजमध्ये लिहिलेला पंधरा-वीस पानी निबंध, तीन शिफारसपत्रं आणि एसओपी. एसओपी म्हणजे मला हे का करायचंय याची कैफियत. त्यात तिथल्या प्राध्यापकांची नावं घेऊन त्यांच्या कामाशी आपलं काम कसं जुळतं हे पटवायचं असतं. गुणमेलनच म्हणा, पण एकाच बाजूचं. मुलाकडच्यांनी अजून फोटोही पाहिलेला नाही.

फी वेगळी. एकेका अर्जाला साधारण पंच्याहत्तर ते शंभर डॉलर. आठ ठिकाणी टाकायचे तर पन्नास हजारांच्या पुढं जातं. मागितली तर काही ठिकाणी माफ होते, म्हणजे ती वसूल होते ती मागायला लाजणाऱ्यांकडून. आमच्याकडं लाज भरपूर.

शिफारसपत्रांचा किस्सा तर छापण्यासारखा आहे, म्हणून छापतो. एक सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." म्हणजे स्वतःचं कौतुक, दुसऱ्याच्या तोंडून, वाडवडिलांच्या प्रौढपणानं, इंग्रजीत. 'मी या विद्यार्थिनीला तीन वर्षं जवळून पाहत आहे,' हे वाक्य लिहून ती आरशासमोर उभी राहिली म्हणे.

पुण्यातल्या एका सल्लागारानं पैसे घेऊन आणखी एक युक्ती दिली. "जुन्नरची आहेस ना? एसओपीत बिबट्या घाल. अडचणींवर मात केलेली त्यांना आवडते." भाचीनं विचारलं, "बिबट्याचा आणि पोर्तुगीजचा काय संबंध?" तो म्हणाला, "तोच तर तू दाखवायचास." ज्यांच्या घरातलं माणूस बिबट्यानं नेलं त्यांच्या जिवावर डॉलर मागायचे नाहीत, एवढी अक्कल तिला सल्ल्याविना होती.

पगाराचं कोडंही दाजींना सुटेना. फी माफ, वर महिन्याला पैसे, हे अमेरिका का करते? धर्मादाय नाही ते. त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना स्पॅनिश शिकवायचं. 'असणे'साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं का, हे जुन्नरची पोरगी पाच वर्षं अमेरिकन पोरांना समजावणार. "म्हणजे ही शिकायला चाललीय का शिकवायला?" दाजींचा प्रश्न बिनतोड होता.

आणि एवढं करून विषय कोणता? तर रायगडातलं कोर्लई! रेवदंड्याच्या खाडीपलीकडं, किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल सोडलं, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीच्या तोंडातली पोर्तुगीज राहिली. मराठीच्या शेजारानं ती वळली, वाकली, अजून बोलली जाते. तिच्यावरचं महत्त्वाचं पुस्तक १९९६ साली आलं. लिहिलं जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी, इंडियाना विद्यापीठाच्या स्पॅनिश-पोर्तुगीज विभागात बसून. जुन्नरहून कोर्लई अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. वाट मात्र अटलांटिक ओलांडून जाते.

मी म्हटलं, सरकारची परदेशी शिष्यवृत्ती बघ. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन मजूर, कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची एक योजना आहे. आमची भाची त्यात बसत नाही ते सोडा. तिची मैत्रीण बसत होती आणि विषय जवळपास तोच होता. पण २०२२ मध्ये नियम आला, की भारताचा इतिहास, संस्कृती, वारसा, समाज हे विषय घ्याल तर पैसे मिळणार नाहीत. कारण काय, तर ते इथंच शिकता येतं. वा! गोव्याहून दर मोसमाला पोर्तुगालच्या राजाशी झालेल्या पत्रव्यवहाराची चोपडी आहेत, त्यातली कितीतरी लिस्बनच्या दप्तरखान्यात. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून त्या कागदांतला मराठ्यांचा इतिहास काढला, तो पुणे विद्यापीठानं १९६७ साली मराठीत छापला. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाचं एक चरित्र पोर्तुगीजमध्ये १७३० साली लिस्बनला छापलं गेलं. ते मुळातून वाचायचं, तर ज्याच्या बापाकडं एकरभर जमीन नाही त्यानं स्वखर्चानं भाषा शिकावी आणि स्वखर्चानं विमानात बसावं. बाकीच्यांनी 'जय शिवाजी' म्हणावं.

राज्यातलं काही बरं आहे असं नाही. २०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा उपमुख्यमंत्र्यांनीच विचारलं होतं, पीएचडी करून काय दिवे लावणार? ओट्यावरच्या तात्यांना सभागृहात पाठिंबा आहे तो असा.

आणि आमच्याच तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून बसल्यात. आसपासच्या गावांतल्या धरून एकूण तीस. लांबलांबची माणसं तिथं येऊन मेलेल्या ताऱ्यांची टिकटिक ऐकतात आणि डॉक्टर होऊन जातात. त्या दुर्बिणीपायी मोठे कारखाने येत नाहीत ही कुरकुर आहे, पण कुणी तबकडीखाली उभं राहून 'घंटा' म्हणत नाही. वस्तू मोठी दिसली की आम्ही गप्प बसतो. भाषेला तबकडी नसते ही तिची चूक.

जुन्नरची लेणी बघा. यवन म्हणवणाऱ्यांची नावं आहेत तिथल्या लेखांत. एकानं पाण्याची टाकी दिली, एकानं भिक्षूंना जेवायला मंडप दिला. परदेशी फंडिंग आमच्या डोंगराला नवं नाही. त्या वेळी एसओपी मागत नसावेत.

शेवटचा अर्ज धाडल्यावर आम्ही सगळे भीमाशंकरला गेलो. मंचर, घोडेगाव, डिंभ्याचं पाणी, मग घाट आणि धुकं. तात्याही होते. शनिमंदिरापुढची ती भलीथोरली घंटा आम्ही लहानपणापासून बघतोय; तिचा घाट आपल्या देवळातल्या घंटेसारखा नाही, हे कधी डोक्यात आलं नाही. भाचीनं तात्यांना तिच्याखाली उभं केलं.

"ही चर्चची आहे तात्या. पोर्तुगीज. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली ना, तिथनं आली."

तात्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एवढी मोठी लढाई," ती म्हणाली, "आणि मिळालं काय बघा."

तात्या हसले नाहीत. दाजी मात्र तिच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "ते पगाराचं परत सांग. दर महिन्याला देतात का वर्षाचा एकदम?"