माशाच्या काट्याला हळदकुंकू

आमच्या कारखान्यात साहेबलोक सुधारणेच्या विरोधात कधीच नव्हते. उपक्रमाच्या उद्घाटनाला झाडून सगळे आले, नारळ फोडला, फोटोत पुढच्या रांगेत उभे राहिले. बुधवारच्या आढाव्याला मात्र मी आणि गार झालेला उपमा, एवढेच.

मी मूळचा पलूसकडचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये ओसाड माळावर वाडी वसवली ती आमच्या शेजारी. किर्लोस्कर समूहानं 1997 मध्ये टोयोटाशी भागीदारी केली, तो कारखाना बिडदीला, म्हणजे आमच्या म्हैसूर-बंगळूर रस्त्यावरच. मी आता राहतो म्हैसुरात, हिनकलला, नोकरी पलीकडच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत, हुद्दा सुधारणा समन्वयक. तेव्हा काइझेन, म्हणजे जपानी पद्धतीची सतत सुधारणा, आपल्या रक्तातच आहे अशी माझी समजूत. रक्तात साखर आहे, असं बायको म्हणते.

गुणवत्तेचा अमेरिकन गुरू डेमिंग 1950 मध्ये जपानात गेला तेव्हा कंपन्यांचे मुख्यच समोर हवेत, असा त्याचा आग्रह होता. अमेरिकेत युद्धकाळात इंजिनियर शिकून तयार झाले, पण वरची मंडळी फिरकली नाहीत आणि युद्ध संपल्यावर सगळं विरून गेलं, हे त्यानं पाहिलं होतं. ही गोष्ट मी मोठ्या अक्षरात स्लाइडवर घातली. ऐकायला इंजिनियरच आले.

मग ताइइची ओनोला शरण गेलो. टोयोटाचा हा गृहस्थ शॉपमध्ये खडूनं वर्तुळ आखायचा, माणसाला त्यात उभं करायचा आणि ‘बघत राहा’ म्हणायचा, तासन्‌तास. मीही मशीन शॉपमध्ये एक वर्तुळ आखलं. उत्पादन प्रमुख त्याला लांबून वळसा घालून गेले. करणीबिरणी वाटली असावी. दुसऱ्या दिवशी सफाईच्या बाईंनी त्यात पाकळ्या भरून मधोमध झेंडू ठेवला. तेव्हापासून तिथे रोज रांगोळी.

म्हैसुरात सगळे साहेब शॉपमध्ये हमखास उतरतात ते आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला. मी बेत रचला. यंत्रांच्या ओळीत माझा फिशबोनचा, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या कारणं शोधायच्या आकृतीचा, फळाही उभा केला, म्हणजे पूजा आटोपली की तिथल्या तिथे आढावा. भटजींनी विचारलं, “हे काय?” मासा म्हणायची सोय नव्हती. “वेल आहे,” म्हणालो. त्यांनी प्रत्येक काट्याला भक्तिभावानं हळदकुंकू लावलं, मार्करलासुद्धा. पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत. आढावा बारगळला.

तेवढ्यात फोन आला: एमडी हिनकलच्या चौकात दसऱ्याच्या गर्दीत अडकलेत. एवढा उड्डाणपूल बांधून ठेवलाय, तरी अडकलेत. कोहळा फोडायचा थांबला. उत्पादन प्रमुख जरीकाठी धोतरात लेथपाशी ताटकळत राहिले, नेमके रांगोळीजवळ. मोबाइल केबिनमध्ये राहिलेला. करायला काहीच नाही म्हणून त्यांनी खाली पाहिलं, तर केळीच्या खुंटाशी कूलंटचं थारोळं.

त्यांनी ऑपरेटरला कानडीत विचारलं, “हे काय?”

“गळतं, सार्.”

“का?”

“सील टिकत नाही. बुरा आत जातो.”

“का? झाकण कुठंय?”

“काढून ठेवलंय. साफ करायला दर वेळी अकरा बोल्ट खोलायचे, सार्?”

माझ्या अंगावर रोमांच. मी धावलो. “सर, यालाच फाइव्ह व्हाय म्हणतात! ओनोच्या पुस्तकातही अस्संच, फ्यूजपासून सुरुवात करून शेवटी पंपाला गाळणी नाही इथवर—”

“जरा थांबता का?” असं म्हणून ते धोतरासकट खाली बसले आणि बोल्ट मोजायला लागले. खरंच अकरा होते.

त्या आठवड्यात झाकणाला बिजागरी आणि दोन खिट्ट्या लागल्या. आता साहेब रोज चहाच्या आधी तिकडे जातात, खिटकन झाकण उघडतात, खिटकन लावतात. कुणी पाहुणा आला की त्यालाही उघडायला लावतात. ते पाहून देखभाल प्रमुखांना राहवेना. त्यांनीही स्वतःसाठी एक गळकं यंत्र हेरून ठेवलंय आणि त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

परवा मला उत्पादन प्रमुखांचा मेल आला, एमडींना प्रत. सुधारणा विभागाचे अधिकारी शॉपमध्ये फारसे दिसत नाहीत, त्यांचा सहभाग वाढवण्यासाठी काय करता येईल यावर बुधवारी बैठक ठेवली आहे.